कपाटाची किल्ली आणि कन्याशाळेतील विज्ञान

माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत जी दप्तरे ठेवावी लागतात त्यांत जडवस्तुसंग्रहाची एक नोंदवही असते, आणि शाळेतील लहानथोर सर्व मंडळी तिला डेडस्टॉक रजिस्टर या नावानेच ओळखतात. सूक्ष्मदर्शक किती, तराजू किती, बहिर्गोल भिंगे किती, त्यांच्या खरेदीची तारीख कोणती, किंमत काय आणि शेरा काय, असे तिच्यातील रकाने असतात; दरवर्षी पडताळणी होते; एखादी वस्तू निकामी झाली तर तिच्या निर्लेखनासाठी ठराव, मंजुरी आणि स्वाक्षऱ्या यांचा रीतसर शिरस्ता पाळावा लागतो, आणि तो पुरा होईपर्यंत त्या वस्तूची जबाबदारी विज्ञानशिक्षकाच्या किंवा प्रयोगशाळा-सहायकाच्या शिरावर राहते. सार्वजनिक पैशाच्या जमाखर्चात ही खबरदारी अवश्यच आहे. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम असा की, जी वस्तू विद्यार्थ्यांच्या हाती जाते तीच फुटते, झिजते किंवा हरवते, आणि जी कपाटात कुलूपबंद राहते ती पडताळणीच्या दिवशी जशीच्या तशी सापडते. तेव्हा सावध शिक्षक कोणता मार्ग पत्करील हे वेगळे सांगावयास नको. मुलींना विज्ञानाची आणि तंत्रज्ञानाची गोडी कशी लावावी या विषयावर परिसंवाद पुष्कळ होतात, त्यांत मुलींच्या मनोवृत्तीची, पालकांच्या उदासीनतेची आणि ग्रामीण संस्कारांची चर्चा विस्ताराने होते. कपाटाची किल्ली कोणाजवळ असते, ही चौकशी मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखकाच्या मते आरंभ तेथूनच केला पाहिजे.

हा विचार एखाद्या विशिष्ट भूमीवर उभा करावयाचा तर नाशिकच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरांवर, सप्तशृंगगडाच्या पायथ्याशी असलेले दिंडोरी तालुक्यातील वणी हे गाव सोयीचे आहे. भाविकांस ते गडाच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून ठाऊक असते, इतिहासाच्या वाचकास १६७० सालच्या वणी-दिंडोरीच्या लढाईमुळे, आणि बाजाराशी संबंध असणाऱ्यास द्राक्षांमुळे. पश्चिमेस पेठ-सुरगाण्याचा डोंगराळ आदिवासी मुलूख, पूर्वेस निफाडकडील बागायत आणि मधून सापुताऱ्याकडे जाणारा हमरस्ता, अशा सांध्यावर वसलेल्या बाजारगावातील कन्याशाळेच्या एकाच बाकावर बागायतदाराची मुलगी आणि त्याच बागेत रोजंदारीवर येणाऱ्या स्त्रीची मुलगी शेजारी-शेजारी बसू शकतात. थोडे दक्षिणेस ओझरला विमानांचा कारखाना आहे, आणि तेथून उडणारी लढाऊ विमाने या टापूतील आकाशात कोणास नवी नाहीत. तंत्रज्ञान येथे दूर नाही. प्रश्न इतकाच की, मुलींनी त्याकडे मान वर करून पाहत राहावे की हात घालून ते उघडून पाहावे.

या प्रश्नास महाराष्ट्रात जुना इतिहास आहे, आणि तो थोडा चमत्कारिकही आहे. १८८४ साली पुण्यास मुलींचे जे हायस्कूल निघाले, आणि जे पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्धीस आले, त्याच्या अभ्यासक्रमावर वृत्तपत्रांतून मोठा वाद झाला. मुलांचाच अभ्यासक्रम मुलींना कशासाठी, असा आक्षेप घेणाऱ्यांत लोकमान्य टिळकांचे 'मराठा' पत्र अग्रभागी होते. पुढे महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले, मातृभाषेला शिक्षणाचे माध्यम करून काळाच्या पुष्कळ पुढे पाऊल टाकले, आणि तरीही त्या विद्यापीठात गृहजीवनाचे शास्त्र आवश्यक ठरले व गणित वैकल्पिक राहिले. टिळक आणि कर्वे दोघेही गणिताचे अध्यापक, दोघांचीही त्या विषयावर निस्सीम भक्ती. ज्या विषयाने स्वतःच्या बुद्धीला धार आली तोच मुलींपुढे ठेवताना मात्र दोघांचाही हात आखडला. त्यात द्वेष नव्हता. स्त्रीचे कार्यक्षेत्र घर, हे गृहीतक त्या काळी इतके सर्वमान्य होते की, स्त्रीशिक्षणाचे विरोधक आणि पुरस्कर्ते या दोन्ही पक्षांनी ते सारख्याच सहजतेने स्वीकारले होते.

स्वातंत्र्योत्तर काळात या गृहीतकाची रीतसर झडती झाली. मुलगे आणि मुली यांचे अभ्यासक्रम भिन्न असावेत काय, हे पाहण्यासाठी १९६२ साली हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने अशा भेदास शास्त्रीय आधार नाही असा निर्वाळा दिला. पाठोपाठ १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक होते, शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्वांना आवश्यक असावे अशी शिफारस केली. दहावीचा नवा आकृतिबंध १९७५ साली महाराष्ट्रात परीक्षेपर्यंत पोहोचला, आणि कागदावरचा वाद मिटला. विषय अशा रीतीने मुलींच्या वेळापत्रकात आला. साधने मात्र त्याच गतीने त्यांच्या हातात आली नाहीत, कारण अभ्यासक्रम बदलण्यास शासननिर्णय पुरतो, पण कपाट उघडण्यास माणसाचे मन वळवावे लागते.

येथे कमला सोहोनी यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनीने १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगलोरच्या विज्ञानसंस्थेकडे अर्ज केला तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी ती स्त्री आहे एवढ्याच कारणावरून तिला प्रवेश नाकारला. तिने तेथे जाऊन हट्ट धरला, आणि अखेर एक वर्षाच्या परीक्षेच्या अटीवर, प्रयोगशाळेच्या वातावरणात तिच्यामुळे व्यत्यय येऊ नये अशा अपमानास्पद शर्तीसह, तिला आत घेण्यात आले. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर तिने तेथे काम केले, पुढे केंब्रिजला जाऊन वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचे दाखविले, आणि १९३९ साली पीएच.डी. मिळविली. ही कथा शाळाशाळांतून सांगितली जाते आणि सांगितली जावीच. पण ती सांगताना एक गोष्ट सहसा वगळली जाते. कमलाबाईंचे वडील आणि चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, आणि तेही त्याच बंगलोरच्या संस्थेत शिकलेले. रामन यांच्यासमोर उभे राहण्याचे धैर्य तिचे स्वतःचे होते, यात शंका नाही. परंतु परीक्षानळी हातात धरण्यास स्त्रीला कोणाची परवानगी लागते ही कल्पनाच त्या घरात शिरली नव्हती. ज्या मुलीच्या घरी असे वडील आणि चुलते नाहीत, तिच्यासाठी ते काम शाळेने करावयाचे असते, आणि थोर स्त्रियांच्या तसबिरी भिंतीवर लावून ते होत नाही.

वणीच्या मुलीच्या घरी रसायनशास्त्रज्ञ नसेल, पण रसायन मात्र आहे, आणि ते बहुधा तिच्या आईच्या हातातून जाते. दिंडोरी तालुक्यात एप्रिलच्या सुमारास वेलीची खरड छाटणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. त्यानंतर फेलफूट काढणे, विरळणी करणे, शेंडा मारणे आणि घड द्रावणात बुडविणे, ज्याला सर्वजण डिपिंग म्हणतात, ही सारी नाजूक कामे मुख्यत्वे स्त्रियाच करतात. ते द्रावण जिबरेलिक आम्लाचे, म्हणजे बागायतदारांच्या बोलण्यातील जीएचे असते. एक ग्रॅम जीए शंभर लिटर पाण्यात गेले म्हणजे दहा पीपीएम झाले, हे गणित बागेतील मुकादमास तोंडपाठ असते, पण ते असे का होते हे आठवीतल्या मुलीने पाटीवर मांडून पाहिले तर तिला कळते की, शंभर लिटर पाणी म्हणजे एक लक्ष ग्रॅम, एक लक्षात एक म्हणजे दहा लक्षांत दहा. जीए पाण्यात सहज विरघळत नाही म्हणून आधी थोड्या अल्कोहोलात विरघळवावे लागते, हे तिची आई जाणते. द्रावक आणि द्राव्य यांचा धडा मुलगी शाळेत वाचते. आणि या दोन ज्ञानांची गाठ घालून देण्याचे काम कोणी करीत नाही. मग कोणी शिक्षिका जर पुढे जाऊन सांगेल की, हे संप्रेरक मुळात जपानातील भाताच्या एका रोगामुळे सापडले, बुरशीने ग्रासलेली रोपे वेड्यासारखी उंच वाढून कोलमडतात हे पाहून जपानी संशोधक कुरोसावा यांनी १९२६ साली त्याचे कारण बुरशीने सोडलेल्या द्रव्यात शोधले, तर पाठ्यपुस्तकातील वनस्पति-संप्रेरकांचा परिच्छेद त्या मुलीस परका वाटणार नाही.

याहून सुंदर उदाहरण बोर्डो मिश्रणाचे आहे. १८८५ साली फ्रान्समधील बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी ते जगापुढे मांडले. त्यांच्या ध्यानात असे आले होते की, रस्त्याच्या कडेच्या ज्या वेलींवर वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून मोरचूद आणि चुना यांचे निळे पाणी शिंपडले जाते, त्या वेली केवड्याच्या रोगातून वाचतात. चोरांना भिवविण्यासाठी योजलेला उपाय बुरशीला मारक ठरला. आजही एक टक्का बोर्डो करताना एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना शंभर लिटर पाण्यासाठी घेतात, दोन्ही वेगवेगळे भिजवितात, भांडे प्लॅस्टिकचे वापरतात, लोखंडाचे कटाक्षाने टाळतात, आणि फवारणीपूर्वी मिश्रणात लोखंडी खिळा किंवा चाकू क्षणभर बुडवून पाहतात. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालतात, नाहीतर पाने करपतात. हा तांबूस थर म्हणजे साक्षात तांबे. लोह मोरचुदातील तांब्यास बाहेर काढून त्याची जागा घेते, ही विस्थापन अभिक्रिया माध्यमिक शाळेच्या पुस्तकात समीकरणासह छापलेली असते, आणि दहावीची मुलगी ती परीक्षेत अचूक लिहितेही. तिचे वडील तीच अभिक्रिया वर्षानुवर्षे बागेत करीत आले आहेत, पण दोघांपैकी एकासही या नात्याची वार्ता नसते. शाळेत हा प्रयोग करावयास एक ग्रॅम मोरचूद, एक ग्रॅम चुना, शंभर मिलिलिटर पाणी, लिटमस कागद आणि खिळा एवढेच पुरे. मोरचूद विषारी आहे, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा, आणि प्रयोगानंतर हात धुतले पाहिजेत, हेही तेथेच शिकवावे. बागेत ते शिकविणारे क्वचितच भेटते.

काढणीच्या सुमारास आणखी एक उपकरण घराघरांतून बाहेर पडते. द्राक्षाच्या रसाचा एक थेंब लोलकावर टाकून, लहानशा नळीतून उजेडाकडे पाहत बागायतदार ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे शेकडा प्रमाण, वाचतो, आणि गोडी भरली की नाही ते ठरवितो. साखर वाढली की द्रवाचा अपवर्तनांक वाढतो, यावर त्या रिफ्रॅक्टोमीटरची सारी मदार आहे, आणि अपवर्तनाचा धडा तर प्रत्येक दहावीच्या वर्गात होतो. शाळेजवळ ते उपकरण नसल्यास अडत नाही. सरबताच्या नळीच्या एका टोकास ओल्या मातीचा गोळा लावून ती द्रवात उभी तरंगेल अशी करावी. १८ ग्रॅम साखर ८२ ग्रॅम पाण्यात विरघळवून १८ ब्रिक्सचे द्रावण करावे, तसेच १० आणि १४ चे. प्रत्येकात नळी किती बुडते तेथे खूण करावी. म्हणजे आर्किमिडीजच्या तत्त्वावर चालणारे, मुलींनी स्वतः अंशांकित केलेले मापक तयार होते. ते बागायतदाराच्या उपकरणाशी ताडून पाहिले म्हणजे दोन्हींत थोडा फरक येईल, आणि तो का येतो यावर जो वाद होईल, त्या वादाचेच नाव विज्ञान. फरक आला म्हणून प्रयोग चुकला असे समजून वहीत पुस्तकातले उत्तर उतरविण्याची जी सवय आपल्या प्रयोगवह्यांनी लावली आहे, तिने जितके कुतूहल मारले आहे तितके कोणत्याही रूढीने मारले नसेल.

मापनास या प्रदेशात किती किंमत आहे, हे २०१० साली सर्वांनी अनुभवले. युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले, मालाचे कंटेनर अडकले, आणि नाशिकच्या बागायतदारांस त्याची झळ सोसावी लागली. दशलक्षातील अंशाचाही अंश मोजणारी प्रयोगशाळा येथील शेतीच्या संभाषणाचा भाग झाली. अशा प्रयोगशाळांना, पॅकहाउसना आणि शीतगृहांना मोजमाप जाणणारी माणसे हवी असतात. ती वणीच्याच शाळेतून का येऊ नयेत?

येथे मात्र एक इशारा दिला पाहिजे, कारण या मार्गात एक जुना खड्डा आहे. परिसरातील विज्ञान म्हणून मुलींना द्राक्षबाग, स्वयंपाकघर आणि आरोग्य एवढेच दाखविले, तर आपण पुन्हा त्या गृहजीवनशास्त्राच्याच अंगणात येऊन पोहोचू. बाग हा उंबरठा आहे, घर नव्हे. वणीहून नांदुरीमार्गे गडावर गेले की तेथे २०१८ पासून चालू असलेली फ्युनिक्युलर ट्रॉली दिसते. एकाच दोराच्या दोन टोकांना दोन डबे, एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो, आणि यंत्रास संपूर्ण डबा उचलावा न लागता दोन्ही बाजूंच्या भारांतील अंतर आणि घर्षण एवढ्यापुरतेच जोर लावावा लागतो. नववीच्या मुलींनी कप्पी, दोरी आणि वजने घेऊन या ट्रॉलीची प्रतिकृती केली तर बल, कार्य आणि शक्ती हे तीन धडे एका दुपारी उरकतील. गडाचे कडे लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेल्या, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या पाषाणाचे आहेत. वणीचे अक्षांश सुमारे २०.३ उत्तर, म्हणजे रात्री ध्रुवतारा क्षितिजावर जवळपास तेवढ्याच अंशांवर दिसावा. कोनमापक, दोरा आणि खडा यांनी ते कोणतीही मुलगी अंगणातून तपासू शकते. मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येण्याचा, म्हणजे शून्य सावलीचा, दिवस येथे मेच्या २१-२२ तारखेस येतो तेव्हा शाळेस सुट्टी असते, आणि जुलैत पुन्हा येतो तेव्हा बहुधा सूर्यच रजेवर असतो. निसर्गाने शिक्षण खात्याशी विचारविनिमय केलेला दिसत नाही.

मुलींच्या हाती अवजार देण्याचा सर्वांत निःशंक प्रयोग महाराष्ट्रात झाला तो पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे. अमेरिकेत पीएच.डी. करून, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधक म्हणून उमेदीची वर्षे घालवून, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम उभा केला, आणि तो जे. पी. नाईक यांनी स्थापिलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचेच एक केंद्र होता, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामात घालवावा, आणि ते काम अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य अशा चारही विभागांतले असावे, अशी तेथील मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाची मांडणी. त्यातील मर्म असे की, विभाग निवडण्याची मुभा नाही. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा स्वयंपाकातील प्रयोग करतो, आणि गावाची दुरुस्तीची लहानसहान कामे शाळाच करून देते. निवडीची मुभा ठेवली असती तर मुलींनी शिवणकाम आणि मुलांनी वेल्डिंग निवडले असते, आणि ते त्यांचे स्वातंत्र्य आहे असे आपण समाधानाने म्हटले असते.

कन्याशाळेचा एक फायदा येथे निर्विवाद आहे. मुलामुलींच्या एकत्र गटात पेचकस मुलाच्या हाती जातो आणि निरीक्षणे लिहिण्याची वही मुलीच्या हाती, कारण तिचे अक्षर सुबक असते. कन्याशाळेत पेचकस उचलण्यास मुलीखेरीज दुसरे कोणी नाही. पण या फायद्याने हुरळून जाण्याचेही कारण नाही, कारण चाळीस मुलींच्या वर्गात आठ-आठांचे गट केले की प्रत्येक गटात एक चलाख मुलगी प्रयोग करते आणि सातजणी माना डोलावतात. गट तिघींचा असावा, आणि दर वेळी हाताळणारी, मोजणारी व लिहिणारी यांची पाळी बदलावी. त्यासाठी साधने अधिक लागतात, म्हणून ती स्वस्त असावी लागतात. अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका या संशोधनसंस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचा जो प्रसार केला, त्याचे महत्त्व या हिशोबात आहे. काडेपेटी आणि सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब यांची कोणत्याही नोंदवहीत नोंद करावी लागत नाही.

शासनाने हात आखडता घेतला आहे असे म्हणता येणार नाही. अटल टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी निवडलेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्यास आपली कल्पना साकारण्यासाठी १०,००० रुपये. परंतु अशा प्रयोगशाळेतील त्रिमितीय मुद्रक (थ्री-डी प्रिंटर) जितका महाग, तितकी त्याच्या कपाटाची किल्ली अधिक जपून ठेवली जाते, आणि तो पाहुण्यांच्या भेटीपुरता बाहेर निघतो. विज्ञान प्रदर्शनांविषयी तर न बोललेलेच बरे: थर्माकोलचा ज्वालामुखी आणि वडिलांनी रात्री जागून केलेले पवनचक्कीचे प्रतिरूप यांना पारितोषिके देऊन आपण विज्ञानाचे नव्हे, पालकांच्या हौसेचे प्रदर्शन भरवितो.

वणीच्या बाबतीत याहून साध्या दोन गोष्टी आधी जमवाव्या लागतील. पहिली वेळेची. ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळतो, ही मोठीच सोय आहे. पण पास असला तरी गाडी आपल्या वेळेनेच सुटते, आणि शाळा सुटल्यावर भरणारे विज्ञानमंडळ ही पाड्यावरच्या मुलींसाठी अस्तित्वातच नसलेली संस्था असते. ज्यांचे घर चावडीजवळ आहे त्यांच्यापुरतेच ते चालते. म्हणून प्रयोग वेळापत्रकात, सकाळच्या तासांत, हजेरीच्या आतच बसविले पाहिजेत, आणि विरळणी व काढणीच्या हंगामात ज्या मुली बागेत गुंततात त्यांना त्या दिवसांची मोजमापे वहीत लिहून आणण्याचे काम देता येईल. दुसरी गोष्ट नोंदवहीची. मुख्याध्यापिका आणि शाळा समिती यांनी वर्षारंभी एक ठराव करून ठेवावा, की अध्यापनाच्या ओघात फुटणाऱ्या साहित्यासाठी अमुक इतकी रक्कम मंजूर आहे आणि त्याबद्दल शिक्षिकेकडून वसुली होणार नाही. आणि वार्षिक पडताळणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने, साहित्य पूर्ण आहे काय, या प्रश्नाच्या जोडीला, यंदा किती काचनळ्या फुटल्या, हेही विचारावे, आणि एकही फुटली नाही असे उत्तर आले तर त्याचे कारण लेखी मागावे.